पंचांगाची ओळ वाचताना चूक कुठे होते: वर्ष निवडण्यापासून तिथी पक्की करण्यापर्यंत

पंचांगात तिथीच्या पुढे जी वेळ छापलेली असते ती तिथी संपण्याची असते, लागण्याची नसते. ‘चतुर्थी २१.४२’ याचा अर्थ चतुर्थी रात्री ९ वाजून ४२ मिनिटांपर्यंत आहे आणि मग पंचमी लागते. हे उलटे वाचले की संकष्टीचा उपास एक दिवस पुढे जातो आणि वडिलांचे श्राद्ध भलत्याच तिथीला होते. घरात पंचांग असूनही होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा याच एका गैरसमजातून येतात. बाकीच्या चुका येतात ओळ नीट वाचूनही प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे.

सण किंवा व्रताचा दिवस समजून घेणे, गेलेल्या माणसाची तिथी काढणे आणि पुण्यातली नेमकी वेळ पाहणे, ही तीन कामे घरच्या घरी करता यावीत म्हणून हा क्रम दिला आहे. लग्नाचा मुहूर्त आणि पत्रिका जुळवणे यात नाही. ते काम वेगळे आहे.

पूर्वतयारी: हाताशी काय हवे

पुस्तकी पंचांग आणा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर भागवू नका. दिनदर्शिकेच्या चौकोनात तिथी, नक्षत्र आणि समाप्तीची वेळ असते आणि रोजच्यापुरते ते पुरते. पण ओळीतले योग, करण, ग्रहांची स्थिती, शास्त्रार्थाची टीप हे सगळे पुस्तकातच मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुळशीबाग-मंडईच्या आसपास पूजासाहित्याच्या दुकानांत पंचांग सहज मिळते. विकत घेताना एकच गोष्ट तपासा. पहिल्या पानांवर ‘सूर्योदय अमुक गावचा’ आणि ‘वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार’ असे लिहिलेले असते. ते गाव कोणते, हे पेन्सिलीने मुखपृष्ठावर टिपून ठेवा. पुढे दोनदा लागेल.

शिवाय एक कोरा कागद. तोंडी हिशेब करायला जाल तर मध्यरात्रीनंतरच्या वेळांत हमखास गडबड होईल.

१. आधी वर्ष, मग महिना, मग पक्ष

पंचांगाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होऊन फाल्गुन अमावास्येला संपते. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि पाडव्यापर्यंतचा मार्च यांसाठी *मागच्या* पाडव्याला सुरू झालेलेच पंचांग लागते. शके १९४८ चा पाडवा १९ मार्च २०२६ ला आहे. जानेवारी २०२७ मधली तिथी पाहायची असेल तर तीही शके १९४८ च्याच पंचांगात सापडेल. जुने पंचांग एक तारखेला रद्दीत टाकणारे इथेच अडकतात.

इसवी सनावरून शक काढायचा तर पाडव्यानंतरच्या तारखेसाठी ७८ वजा करा, पाडव्याआधीच्या तारखेसाठी ७९.

मग महिना. पुस्तकी पंचांगात साधारणपणे एका पानावर एक पक्ष असतो: शुक्ल (शुद्ध) किंवा कृष्ण (वद्य). पानाच्या माथ्यावर शक, संवत्सर, महिना, पक्ष, अयन, ऋतू छापलेले असतात. थेट तारखेकडे धावू नका, माथा आधी वाचा. अधिक महिना असेल तर तो तिथेच कळतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ३१ मेची पौर्णिमा या अधिक महिन्यातली, म्हणून तिला वड पूजायचा नाही. वटपौर्णिमा निज म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठातली, २९ जूनला.

> सावधान. मोबाइलवरची बरीच अॅप उत्तरेकडची पद्धत धरतात. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षात दोन्हींचे महिन्याचे नाव एकच असते, कृष्ण पक्षात मात्र त्यांचे नाव एक महिना पुढे असते. आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, आणि आपला भाद्रपदातला पितृपक्ष त्यांचा आश्विनातला. दिवस तोच, नाव वेगळे. अॅपमध्ये ‘सावन’ सुरू झाला म्हणून श्रावणी सोमवार धरणाऱ्यांचे सोमवार पंधरा दिवस आधीच सुरू होतात.

आणखी एक फसवी जागा. वर्तमानपत्रात किंवा दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात ‘भारतीय सौर श्रावण १०’ असे असते. ती तिथी नव्हे. ते १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतले दिनांक आहेत. तिचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो आणि चंद्राशी त्याचा काही संबंध नाही. महिन्यांची नावे तीच असल्यामुळे घोळ होतो.

२. ओळ वाचणे

एक ओळ म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा दिवस. ओळीत तारीख, वार, तिथी, नक्षत्र, योग, करण, चंद्रराशी, सूर्योदय-सूर्यास्त असे रकाने असतात. रकान्यांचा क्रम प्रकाशनागणिक बदलतो, म्हणून शीर्षके वाचा. शेजाऱ्यांच्या पंचांगाच्या सवयीने वाचू नका.

ओळीत लिहिलेली तिथी ही *सूर्योदयाला चालू असलेली* तिथी असते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६ तासांच्याही पुढे जाते. त्यामुळे दोन विचित्र दिसणाऱ्या ओळी येतात:

वृद्धी तिथी: एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडते, म्हणून दोन ओळींत येते. पहिल्या ओळीत वेळेऐवजी ‘अहोरात्र’ किंवा ६० घटी असे लिहिलेले असते. छपाईची चूक नाही.

क्षय तिथी: तिथी सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपते, म्हणून तिला स्वतःची ओळ मिळत नाही. समजा सूर्योदय ६.४० चा आहे आणि ओळीत पंचमी ६.५० पर्यंत, मग षष्ठी दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४० पर्यंत. पुढची ओळ सप्तमीने सुरू होईल. षष्ठीचा क्षय झाला असे म्हणतात, पण षष्ठी जवळजवळ तेवीस तास होतीच. ‘या पक्षात षष्ठीच नाही’ असे समजून त्या तिथीचे श्राद्ध सोडून देणे ही चूक आहे.

> पडताळा. सलग तीन ओळी वाचा, एक कधीच नाही. मागच्या ओळीतली समाप्तीची वेळ हीच या तिथीची सुरुवात. तीन ओळींतल्या सुरुवाती-समाप्ती कागदावर एकाखाली एक लिहिल्या की तिथी डोळ्यासमोर येते.

३. मध्यरात्रीनंतरच्या वेळा

घड्याळाची तारीख रात्री बाराला बदलते, पंचांगाची ओळ सूर्योदयाला. मधल्या सहा-सात तासांत दोघांचे जमत नाही. काही पंचांगे हे तास २४ च्या पुढे मोजून छापतात: २६.२५ म्हणजे पुढच्या तारखेची पहाटे २.२५. २४ वजा करा आणि तारीख एकाने वाढवा. काही ‘उ. रात्र’ किंवा ‘पहाटे’ असा शब्द लावतात. तुमच्या पंचांगात कोणती रीत आहे ते सुरुवातीच्या सूचनांत असते. त्या सूचना कुणी वाचत नाही, आणि मग सव्वीस वाजतात कसे म्हणून दुकानदाराला फोन जातो.

वारालाही हाच नियम. सोमवारी रात्री दोन वाजता घड्याळाने मंगळवार असतो, पंचांगाने अजून सोमवारच.

४. घटी-पळे दिसली तर

जुन्या पंचांगांत, आणि काही नव्यांतही, तासांबरोबर घटी-पळे असतात. अहोरात्राच्या ६० घटी, म्हणजे १ घटी २४ मिनिटांची आणि १ पळ २४ सेकंदांचे. मोजणी मध्यरात्रीपासून होत नाही, *सूर्योदयापासून* होते.

उदाहरण: दशमी ४२ घटी १५ पळे, सूर्योदय ६.२०.
४२ × २४ = १००८ मिनिटे, म्हणजे १६ तास ४८ मिनिटे. १५ पळे म्हणजे ६ मिनिटे. एकूण १६ तास ५४ मिनिटे. ६.२० मध्ये मिळवा: २३.१४. दशमी रात्री ११.१४ पर्यंत.

इथे सूर्योदय त्या पंचांगाच्या गावचा घ्यायचा. तुमच्या गच्चीवरचा नाही. मुखपृष्ठावरची पेन्सिल इथे पहिल्यांदा कामी येते.

५. प्रश्न ठरवा: दिवसातली कोणती वेळ पाहायची?

सगळ्यात जास्त भांडणे या टप्प्यावर होतात. ‘सूर्योदयाला जी तिथी तीच दिवसभर’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि सणांना तो बहुतेक वेळा लागू पडत नाही. प्रत्येक व्रताची आपली वेळ आहे आणि त्या वेळेला तिथी हवी:

गुढीपाडवा सूर्योदयाला. रामनवमी आणि गणेश चतुर्थी मध्याह्नाला. दसरा आणि वार्षिक श्राद्ध अपराह्नाला. लक्ष्मीपूजन आणि होळी प्रदोषाला, म्हणजे सूर्यास्तानंतर. संकष्टी चंद्रोदयाला. महाशिवरात्र आणि जन्माष्टमी मध्यरात्रीला.

२०२६ ची गणेश चतुर्थीच पाहा. १४ सप्टेंबरला पुण्यात सूर्योदय होतो तेव्हा तृतीया आहे. चतुर्थी सकाळी सातच्या सुमारास लागते आणि १५ तारखेला सकाळी साडेसात-पावणेआठला संपते. फक्त सूर्योदय पाहणारा म्हणेल, चतुर्थी १५ ला. पण १५ च्या मध्याह्नाला चतुर्थी शिल्लकच नाही, १४ च्या मध्याह्नाला ती पूर्ण आहे. म्हणून गणपती १४ ला बसतो, आणि सूर्योदयाला तृतीया असल्यामुळे हरतालिकाही त्याच दिवशी येते.

मध्याह्न आणि अपराह्न अंदाजाने धरू नका. सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे पाच समान भाग करा: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. उदाहरणादाखल सूर्योदय ६.३५ आणि सूर्यास्त १८.४० धरला, तर दिनमान १२ तास ५ मिनिटे, एक भाग २ तास २५ मिनिटे आणि अपराह्न १३.५० ते १६.१५. डिसेंबरात ७ ते १८ असा दिवस धरला तर अपराह्न १३.३६ ते १५.४८.

> सावधान. दोन एकादश्या छापल्या असतील तर एक स्मार्त, दुसरी भागवत. सूर्योदयाआधीच्या चार घटींत, म्हणजे अरुणोदयाला दशमी शिरलेली असेल तर भागवत संप्रदाय ती एकादशी सोडून पुढची धरतो. आळंदी-देहूची वारी करणाऱ्या घरात भागवत. इतर घरांत घरची रीत विचारा. दोन्ही दिवस उपास करणारे उत्साही असतात, त्यांना कुणी अडवत नाही.

६. गेलेल्या माणसाची तिथी काढणे

सगळ्यात नाजूक काम हेच, आणि सगळ्यात घाईत केले जाणारेही हेच. श्राद्धाची तिथी म्हणजे *मृत्यूच्या क्षणी* चालू असलेली तिथी. त्या दिवशी सूर्योदयाला कोणती होती, दहन कधी झाले, दाखल्यावर कोणती तारीख आहे, यांनी ती ठरत नाही.

(क) मृत्यूची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. वेळ रुग्णालयाच्या कागदावरची घ्या, नातेवाइकांच्या आठवणीतली नको. परदेशात मृत्यू झाला असेल तर आधी तिथल्या वेळेचे भारतीय प्रमाणवेळेत रूपांतर करा आणि मगच पंचांग उघडा.

(ख) मध्यरात्र ते सूर्योदय या वेळात मृत्यू झाला असेल तर *आदल्या तारखेची* ओळ पाहा. समजा मृत्यू १२ तारखेच्या पहाटे १.४० ला. ओळ ११ तारखेची. तिथे ‘दशमी २३.१०’ असेल तर दशमी रात्री ११.१० ला संपली, तिथी एकादशी. ‘दशमी २६.२५’ असेल तर ती पहाटे २.२५ पर्यंत होती, तिथी दशमी. बरेच जण सरळ १२ ची ओळ उघडतात. पहिल्या उदाहरणात त्यांचे उत्तर नशिबाने बरोबर येते, दुसऱ्यात चुकते.

(ग) महिना, पक्ष, तिथी तिन्ही लिहा. ‘आईची पंचमी’ एवढेच ठेवले तर दहा वर्षांनी शुद्ध की वद्य हे कुणालाच आठवत नाही. अधिक महिन्यात मृत्यू असेल तर तसा स्पष्ट उल्लेख करा. एरवीच्या वर्षी वार्षिक श्राद्ध त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात होते. पहिल्या वर्षात अधिक महिना मध्ये आला, तर वर्षश्राद्धाचा दिवस घरच्या गुरुजींकडूनच ठरवून घ्या.

(घ) आता चालू वर्षाच्या पंचांगात त्या महिन्याचे पान काढा आणि ती तिथी कोणत्या दिवशी *अपराह्नाला* आहे ते पाहा. ओळीच्या सुरुवातीला छापलेली तिथी वेगळी असू शकते. तिथी दुपारी बाराला लागून दुसऱ्या दिवशी साडेअकराला संपत असेल तर श्राद्ध पहिल्या दिवशी, जरी दुसऱ्या दिवसाच्या ओळीत तिचे नाव ठळक दिसत असले तरी.

(च) पितृपक्षात महिना आणि पक्ष सोडून फक्त तिथी पाहायची. चैत्र शुद्ध पंचमीला गेलेल्याचा महालय भाद्रपद वद्य पंचमीला. तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावास्या. पौर्णिमा आणि चतुर्दशीला गेलेल्यांसाठी वेगळा विचार आहे, पंचांगातली पितृपक्षाची टीप वाचा.

> पडताळा. जुन्या काळातला जन्म किंवा मृत्यू शोधत असाल तर घड्याळच तपासा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या नोंदीतून एक तास वजा केल्यावरच आजच्या प्रमाणवेळेशी जुळते. मुंबईत तर १९५५ पर्यंत अनेक ठिकाणी ‘मुंबई टाइम’ चालत असे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे.

७. पुण्याची वेळ

तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो, पुणे असो की नागपूर. बदलतात ते सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय. मुखपृष्ठावर टिपलेले गाव पुणे नसेल तर फरक असा काढा: रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे. पुणे सोलापूरच्या साधारण दोन अंश पश्चिमेला, म्हणजे आठेक मिनिटे मागे. मुंबई पुण्याच्या चारेक मिनिटे मागे. नागपूर वीस-एकवीस मिनिटे पुढे. अक्षांशामुळे यात ऋतूप्रमाणे थोडी भर-घट होते.

संकष्टीला पंचांगात गावांच्या चंद्रोदयांचा तक्ता असतो, त्यात पुणे शोधा. नागपूरच्या मावशीने ‘आमच्याकडे चंद्र उगवला’ असे कळवले म्हणून इथे उपास सोडू नका. पाऊस-ढगात चंद्र दिसला नाही तर छापलेली वेळ पुरते.

राहुकाळ, म्हणजे दिवसाचा अशुभ मानलेला आठवा भाग, हे दाक्षिणात्य प्रस्थ अलीकडे पुण्यात चांगलेच रुजले आहे. तो पाळायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा, पण पाळायचाच तर नीट काढा. ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हा तक्ता सूर्योदय ६ आणि सूर्यास्त १८ धरून केलेला आहे. जानेवारीत पुण्यात सूर्य ७.०८ च्या सुमारास उगवतो आणि १८.२० च्या सुमारास मावळतो. दिनमान ११ तास १२ मिनिटे, त्याचा आठवा भाग १ तास २४ मिनिटे. सोमवारी दुसरा भाग: ८.३२ ते ९.५६. तक्त्यापेक्षा तासभर उशिरा.

८. भद्रा

करणाच्या रकान्यात ‘विष्टी’ दिसले की ती भद्रा, शुभ कामाला टाळतात तो काळ. करण म्हणजे अर्धी तिथी, आणि पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमीच विष्टी असतो. त्यामुळे राखीपौर्णिमेला आणि होळीला भद्रा *दर वर्षी* असतेच. प्रश्न एवढाच की ती दिवसा पडते की रात्री निघून जाते. बातम्यांत दर वर्षी ‘यंदा भद्रेचे सावट’ येते तेव्हा घाबरण्याऐवजी पौर्णिमा कधी लागते आणि कधी संपते ते पाहा, मधला बिंदू काढा. त्यानंतर भद्रा नाही.

९. दोन पंचांगे जुळत नाहीत तेव्हा

आधी बघा, फरक कशात आहे. तिथी आणि करण हे चंद्र-सूर्यातल्या *अंतरावर* अवलंबून असतात, त्यामुळे अयनांश (राशिचक्राची सुरुवात वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायची तो आकडा) कोणताही धरला तरी ते बदलत नाहीत. दोन सूक्ष्म गणिताच्या पंचांगांत तिथीची वेळ मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेगळी दिसली तर तुम्ही ओळ चुकीची वाचली आहे. दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

नक्षत्र, योग आणि संक्रांती मात्र अयनांशावर ठरतात. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे चित्रा पक्षाची, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून अयनांश धरणारी आहेत. टिळक पंचांग रैवत पक्षाचे, म्हणजे रेवतीच्या ताऱ्यावरून धरणारे, आणि दोहोंच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे टिळक पंचांगात चंद्राचे नक्षत्र साधारण सात तास आधी लागते आणि मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. अधिक महिना संक्रांतीवरून ठरत असल्यामुळे काही वर्षी दोघांचा अधिक महिना वेगळा पडतो. मग पुण्यातल्या काही घरांत गणपती महिनाभर आधी येऊन जातो. त्यात चूक कुणाचीच नसते. वर्षभर एकच पंचांग धरा. नक्षत्र एकातून आणि संक्रांत दुसऱ्यातून, असे करू नका.

गुरुजींना फोन करण्याआधी कागदावर एवढे लिहून ठेवा: पंचांगाचे नाव, शक, महिना, पक्ष, तिथी, तिची सुरुवात आणि समाप्ती, पुण्याचा सूर्योदय-सूर्यास्त. घरातल्या सगळ्या तिथींचा हाच तपशील नव्या पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दर पाडव्याला उतरवा, आणि जुने पंचांग निदान पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्याच शेजारी ठेवा.